आकडा सांगून गप्प राहायचं

वालपाराइसोच्या चढावर, मासे कापणाऱ्या बाईच्या डोक्यावर
आमचं छापयंत्र आहे. सात जणांत एक.
चाक फिरवताना खालून खवल्यांचा वास येतो, वर शाईचा.
मला आता दोन्ही वेगळे ओळखू येत नाहीत.

मी आले तेव्हा लाकूड कोरता यायचं,
हिशेब नाही.
एका कॅफेवाल्यानं भिंतीसाठी बारा चित्रं मागितली.
म्हणाला, पैसे नाहीत, पण नाव होईल.
मी दिली.
वर्षभर माझं नाव त्या भिंतीवर
कॉफीच्या वाफेनं ओलं होत राहिलं.
कुणी विचारलं नाही, ही कुणाची.

निबाल्दो आमच्यात सगळ्यांत म्हातारा. पूर्वी गोदीत वजनं लिहायचा.
माझं चित्र त्यानं तळहातावर धरलं, तोलल्यासारखं.
"कागद?" मी सांगितलं.
"शाई? यंत्राचं भाडं? फसलेल्या प्रती?" सांगितलं.
"कोरायला किती दिवस?"
ते काय, म्हटलं, आवडीनं केलं.
"आवडीचे तासही लिही.
आवडीला रात्री भूक लागत नाही का?"
बेरीज आली अठरा हजार पेसो.
मी पाच हजारांना देत होते,
वर घेणाऱ्याचे आभार मानत होते.

आकडा मोठ्यानं म्हणायचा सराव मी यंत्रासमोर केला.
"अठरा हजार... म्हणजे बघा, तुम्हाला जमेल तसं..."
"थांब," एदुविहेस आतून ओरडली, हात कोपरापर्यंत काळे,
"हजारनंतर पूर्णविराम!
आकडा सांगायचा आणि गप्प राहायचं.
उतरू दे त्याच्या गळ्याखाली.
ती शांतता भरायची घाई झाली
की आपणच आपल्याला कापत जातो."

मार्चमध्ये हॉटेलवाला आला. चाळीस खोल्या, चाळीस चित्रं.
मी म्हणाले, एकाचे अठरा हजार.
खाली सुरी चालत होती. बाहेर पक्षी भांडत होते.
मी जीभ दातांखाली धरली.
"बघतो," म्हणाला, आणि गेला
पुढच्या दारी. तिथंही अठरा.
त्याच्या पुढच्या दारीही अठरा. आमचं ठरलेलंच होतं.
पाचव्या दारात अन्सेल्मो होता,
लेकीला ताप, औषधाची चिठ्ठी खिशात.
तो नऊ हजार म्हणाला.

गुरुवारी सगळे जमलो. मी कप आपटला.
"यानं भाव पाडला."
"पाडला," एदुविहेस म्हणाली, "पण आधी तो एकटा पडला."
मग बराच वेळ कुणी बोललं नाही.
त्या महिन्याची भिशी रायेनची होती, तिच्या छपरासाठी.
तिनं डबा अन्सेल्मोकडे सरकवला,
म्हणाली, माझ्याकडे बादल्या आहेत.
निबाल्दोनं वहीत लिहिलं, दंडाचं काही नाही, एवढंच:
ज्याच्या घरी अडचण, त्यानं आधी इथं बोलायचं,
मग गिऱ्हाइकाशी.

दुसऱ्या दिवशी अन्सेल्मो स्वतः उतार उतरून गेला.
हॉटेलवाल्याला म्हणाला, नऊ ही माझ्या भीतीची किंमत होती,
चित्राची अठराच.
चाळीस नाही, वीस घेतली त्यानं.
निम्मे आधी, पावतीवर सही, सातही जणांची कामं.
उरलेल्या वीस खोल्यांत बंदराचे स्वस्त फोटो लागलेत.
लागू देत.

अजून आकडा सांगितला की माझ्या पोटात गोळा येतो.
मग मी खालच्या बाईला आठवते.
ती भाव एकदाच सांगते,
आणि माशाचं डोकं उडवते.